घरगुती वातानुकूलन : यंत्र आणि त्याची जोडणी

वातानुकूलन यंत्र थंडी निर्माण करीत नाही. खोलीतील उष्णता उचलून ती घराबाहेर टाकणे एवढेच त्याचे कार्य असते. विहिरीतले पाणी मोटेने वर काढून पाटात सोडावे, तशी खोलीतील कमी तापमानाची उष्णता हे यंत्र विजेच्या बळावर वर उचलते आणि बाहेरच्या अधिक तापलेल्या हवेत सोडून देते. ही एक गोष्ट नीट समजली, की यंत्र किती क्षमतेचे घ्यावे, कोठे बसवावे, किती अंशांवर ठेवावे आणि ते बिघडल्यास तंत्रज्ञाला काय विचारावे, या प्रश्नांची उत्तरे आपोआप उलगडू लागतात. प्रस्तुत लेखकाचे आयुष्य ही यंत्रे बसवण्यात आणि दुरुस्त करण्यात गेले आहे. ग्राहकांच्या तक्रारींपैकी बराच मोठा भाग यंत्राच्या दोषाचा नसतो. तो हवेच्या अडलेल्या वाटेचा किंवा घाईघाईने उरकलेल्या जोडणीचा असतो, असे त्याचे ठाम मत आहे.

या यंत्राच्या मुळाशी असलेले तत्त्व अठराव्या शतकातले आहे. द्रवाची वाफ होताना ती भोवतालची उष्णता शोषून घेते. विल्यम कलेन यांनी १७४८ मध्ये ग्लासगो येथे निर्वातात ईथरचे बाष्पीभवन घडवून कृत्रिम थंडी निर्माण होते हे दाखवले. वाफ पुन्हा दाबून तिचा द्रव करायचा आणि तोच द्रव फिरून वापरायचा, या बंद चक्राचे एकस्व जेकब पर्किन्स यांनी १८३४ मध्ये लंडन येथे घेतले. अमेरिकेतील फ्लॉरिडाचे डॉक्टर जॉन गॉरी यांना तापाच्या रुग्णांच्या खोल्या थंड ठेवायच्या होत्या. त्यांच्या बर्फयंत्राला १८५१ मध्ये एकस्व मिळाले. मात्र आजच्या अर्थाने वातानुकूलनाचा प्रारंभ १९०२ मधला मानला जातो. ब्रुकलिन येथील एका छापखान्यात हवेतील ओलाव्यामुळे कागद आकसत व फुगत असे आणि एकावर एक छापलेले रंग जुळत नसत. विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने हवेतील आर्द्रता काबूत ठेवणारी यंत्रणा तिथे उभी केली. म्हणजे आरंभीची गरज माणसाला गारवा देण्याची नव्हती, कागद एकसारखा राखण्याची होती. आर्द्रतेचा हा मुद्दा विसरल्याने आजही अनेक घरांत चुकीचे यंत्र येते.

मुंबईचा कृत्रिम गारव्याशी संबंध यंत्राहून जुना आहे. अमेरिकेच्या ईशान्य भागातील गोठलेल्या तळ्यांचा बर्फ कापून, भुशात गुंडाळून तो जहाजाने इकडे आणण्याचा व्यापार फ्रेडरिक ट्यूडर यांनी १८३०च्या दशकात सुरू केला आणि कलकत्त्यापाठोपाठ मुंबईतही तो बर्फ विकला जाऊ लागला. पुढे मुंबई आणि पेशावर यांना जोडणाऱ्या फ्रंटिअर मेल गाडीच्या एका डब्यात १९३४ मध्ये वातानुकूलनाची सोय झाली, तीही बर्फाच्या लाद्यांवरून हवा खेळवून. त्याच सुमारास, १९३३ मध्ये, कुलाब्याजवळ उघडलेल्या रीगल चित्रपटगृहात यांत्रिक वातानुकूलन होते. भारतीय उद्योगाच्या दृष्टीने १९४३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली ब्लू स्टार आणि १९५४ मध्ये टाटा सन्स व फोल्कार्ट ब्रदर्स यांच्या भागीदारीतून उभी राहिलेली व्होल्टास या दोन संस्थांचे स्थान महत्त्वाचे आहे. या क्षेत्रातील जुन्या जाणत्या तंत्रज्ञांच्या अनेक पिढ्या अशा कंपन्यांच्या कार्यशाळांत घडल्या.

बर्फाच्या त्या काळाची खूण आजही प्रत्येक यंत्रावर आहे. ‘दीड टनाचा एसी’ म्हणताना त्या टनाचा यंत्राच्या वजनाशी काहीही संबंध नसतो. २,००० पौंड, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत पूर्ण वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता वाहून नेण्याचा वेग म्हणजे एक टन. तो ताशी १२,००० बीटीयू किंवा सुमारे साडेतीन किलोवॉट भरतो. दीड टनाचे यंत्र खोलीतून साधारण ५.३ किलोवॉट उष्णता बाहेर नेते आणि त्यासाठी वीज मात्र दीड किलोवॉटच्या आसपास घेते. घेतलेल्या विजेहून तिप्पट-चौपट काम होते, कारण वीज उष्णता निर्माण करण्यासाठी खर्च होत नाही, तिच्या वाहतुकीसाठी होते.

यंत्राचे मुख्य भाग चार आहेत. खोलीतील भागात बाष्पक असतो. तांब्याच्या नळ्या आणि त्यांवर ॲल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्यांची दाट रांग, असे त्याचे रूप असते आणि बाजारात त्याला कूलिंग कॉइल म्हणतात. यातून वाहणारे प्रशीतक, म्हणजेच व्यवहारातला ‘गॅस’, ५ ते १० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते आणि खोलीतील हवेची उष्णता घेते. ही वाफ बाहेरच्या भागातील संपीडकात, म्हणजे कॉम्प्रेसरमध्ये जाते. तिथे तिचा दाब आणि तापमान वाढते. मग ती संघनकातून, म्हणजे बाहेरच्या कॉइलमधून जाताना पंख्याच्या वाऱ्याने निवते आणि तिचा द्रव होतो. हे संघनन ४५ ते ५५ अंशांच्या दरम्यान घडत असल्यामुळे ४० अंशांच्या उन्हाळी हवेतही उष्णता टाकता येते. शेवटी केसासारख्या बारीक केशनलिकेतून किंवा प्रसरण झडपेतून जाताना द्रवाचा दाब एकदम उतरतो आणि तो पुन्हा बाष्पकात उकळण्यास सज्ज होतो. केशनलिकेत कचरा किंवा ओलावा अडकला तर तंत्रज्ञ ‘चोक झाला’ असे म्हणतात. तो टाळण्यासाठी तिच्याआधी गाळणी आणि शुष्कक बसवलेला असतो.

हवा थंड करण्याइतकेच तिच्यातील पाणी काढणे हेही या यंत्राचे काम आहे. ३० अंश तापमानाची संपृक्त हवा दर घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम बाष्प धरून ठेवते, १० अंशांची हवा जेमतेम साडेनऊ ग्रॅम. थंड कॉइलवरून जाताना हवा दवबिंदूखाली येते आणि जादा बाष्पाचे पाणी होऊन ठिबकते. दमट दिवसांत दीड टनाचे यंत्र ताशी एक ते दोन लिटर पाणी सहज काढते. यंत्राची साधारण पाऊण भाग क्षमता तापमान उतरवण्यात आणि पाव भागाच्या आसपास या पाण्याच्या संघननात खर्च होते. म्हणून मुंबई, रत्नागिरी किंवा पणजी येथे यंत्राने काढलेले पाणी हे बिघाडाचे चिन्ह मानू नये. दमट दिवशी निचऱ्याच्या नळीतून पाणी येतच नसेल, तर मात्र चौकशी करावी.

हवामानाचा हा भेद महाराष्ट्रात इतका तीव्र आहे की एकच सल्ला साऱ्या राज्याला लागू पडत नाही. मे महिन्यात नागपूरची हवा ४४ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फडक्याने वेढलेला तापमापक सुमारे २३ अंश दाखवतो. अशा हवेत पाण्याच्या बाष्पीभवनावर चालणारा कूलर चांगल्या जाळ्यांसह २७-२८ अंशांची हवा देऊ शकतो, आणि तीही एसीच्या मानाने अगदी थोड्या विजेत. वाळ्याच्या पडद्यांवर पाणी शिंपडण्याची जुनी पद्धत याच तत्त्वावर उभी होती. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असताना तोच ओला तापमापक २८च्या वर राहतो. तिथे कूलर खोलीत केवळ दमटपणा वाढवतो. विदर्भ, खानदेश आणि मराठवाड्यात कूलर हे कमी प्रतीचे साधन नव्हे, ते त्या हवेला अनुरूप साधन आहे, हे आवर्जून नोंदवले पाहिजे. कूलर वापरताना खिडकी किंवा दार उघडे हवे, कारण आत आलेल्या ओल्या हवेला बाहेर जाण्यास वाट लागते. एसी आणि कूलर एकाच खोलीत एकाच वेळी चालवणे सर्वस्वी निरर्थक होय. एक पाणी सोडतो आणि दुसरा तेच पाणी गोळा करण्यात आपली शक्ती घालवतो.

कूलरच्या संदर्भात एक इशारा वेगळा द्यायलाच हवा. लोखंडी पत्र्याची टाकी, त्यात पाणी, पाण्यात बुडालेला पंप आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभे असलेले मूल, ही रचना प्राणघातक ठरू शकते. पाणी भरण्यापूर्वी नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही, प्लग काढला पाहिजे. तीन पिनांचा प्लग, खरोखर जोडलेले अर्थिंग आणि घराच्या विद्युतफलकावर ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक खटका, म्हणजे आरसीसीबी, या तिन्हींचा खर्च कूलरच्या किमतीच्या मानाने लहान आहे. उन्हाळ्याच्या आरंभी हे तपासून घेण्यास कोणीही आळस करू नये.

वातानुकूलन यंत्रांचे प्रकार रचनेनुसार पडतात. खिडकीतील यंत्रात सारे भाग एकाच पेटीत असतात. त्याची जोडणी सोपी असते आणि गळतीच्या जागा कमी असतात. स्प्लिट प्रकारात आतला आणि बाहेरचा भाग वेगळा असून तांब्याच्या नळ्यांनी जोडलेला असतो. आवाज बाहेर राहतो, पण त्याचे यश जोडणीवर अवलंबून असते. छतात बसणारे कॅसेट यंत्र, छुप्या वाहिन्यांतून हवा पोचवणारे डक्टेबल यंत्र, एका बाह्य भागावर अनेक खोल्या चालवणारी व्हीआरएफ प्रणाली आणि थंड पाणी फिरवणारी मध्यवर्ती यंत्रणा हे प्रकार कार्यालये, रुग्णालये व मोठ्या वास्तूंसाठी आहेत. संपीडकाच्या वेगावरूनही वर्गीकरण होते. स्थिरगती संपीडक पूर्ण जोराने चालतो किंवा पूर्ण थांबतो. इन्व्हर्टर यंत्रात तो गरजेप्रमाणे मंद किंवा जलद फिरतो. रोज सात-आठ तास यंत्र चालणाऱ्या घरात इन्व्हर्टरचा लाभ स्पष्ट दिसतो. वर्षातून थोडेच दिवस वापर असलेल्या पाहुण्यांच्या खोलीसाठी साधे यंत्र पुरते. त्याचे विद्युतमंडल सोपे असते आणि दुरुस्ती स्वस्त पडते.

क्षमता ठरवताना चौरस फुटांचा हिशेब ही केवळ सुरुवात असते. साधारणपणे १०० ते १२० चौरस फुटांना एक टन आणि १५० ते १८० चौरस फुटांना दीड टन असे व्यवहारात धरतात. परंतु वरचा मजला, उघडी गच्ची, पश्चिमेची मोठी काच, स्वयंपाकघराला खेटून असलेली भिंत यांतील प्रत्येक गोष्ट हा हिशेब बदलते. स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य सुमारे १०० वॉट उष्णता सोडतो, म्हणून सहा माणसे बसणाऱ्या दिवाणखान्याला त्याच आकाराच्या शयनगृहापेक्षा अधिक क्षमता लागते. मोठे यंत्र घेतले म्हणजे अधिक चांगले, हा समज विशेषतः किनारपट्टीवर घातक ठरतो. गरजेहून मोठे स्थिरगती यंत्र खोली चटकन थंड करून थांबते. तेवढ्या वेळात हवेतील पाणी निघत नाही, परिणामी खोली गार पण चिकट राहते. गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग देणे आणि पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून आडोसा करणे हे दोन उपाय आधी करावेत व मगच टनांचा विचार करावा, असे प्रस्तुत लेखक प्रत्येक ग्राहकाला सांगत आला आहे. त्यात विक्रेत्याचा तोटा असेल, घराचा नाही.

खरेदीच्या वेळी ताऱ्यांची संख्या सर्वजण पाहतात, तारे कोणत्या वर्षाचे आहेत हे फारसे कोणी पाहत नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो ताऱ्यांचे निकष काही वर्षांनी कडक करते. त्यामुळे जुन्या पट्टीवरील पाच तारे नव्या पट्टीवर चार किंवा तीन ठरू शकतात. पट्टीवरचा आयएसईईआर हा आकडा अधिक विश्वसनीय होय. वर्षभराच्या वापरात प्रत्येक एकक विजेमागे किती उष्णता हलवली, ते तो सांगतो. त्याच पट्टीवर छापलेला वार्षिक विजेचा आकडा १,६०० तासांच्या वापरावर आधारलेला असतो. आपला वापर त्याच्या निम्मा असेल, तर बचतीचा हिशेबही त्या प्रमाणात करावा.

आता जोडणीकडे वळू. स्प्लिट यंत्र कारखान्यातून निघते तेव्हा ते अर्धेच तयार असते, उरलेले अर्धे ग्राहकाच्या घरी भिंतीवर तयार होते. तांब्याच्या नळीचे टोक कापल्यावर आतली कड घासून साफ करावी लागते, आणि ती घासताना कीस नळीत पडू नये म्हणून टोक खाली धरावे लागते. मग टोक फुलवून फ्लेअर करायचा, त्यावर तेलाचा थेंब लावायचा आणि नट योग्य तेवढ्याच जोराने आवळायचा. कमी आवळला तर गळतो, अधिक आवळला तर फुलवलेली कड चिरते आणि काही महिन्यांनी गळतो. नळीला वळण देताना ती चेपली तर प्रशीतकाचा मार्ग कायमचा अरुंद होतो. दोन्ही नळ्यांना वेगवेगळे उष्णतारोधक वेष्टन हवे, अन्यथा पावसाळ्यात त्यांच्यावर दव धरून भिंत ओली होते. निचऱ्याच्या नळीला मीटरमागे निदान एक सेंटिमीटर सलग उतार असावा आणि मध्ये कोठेही झोळ नसावा. आतल्या भागातून भिंतीवर पाणी ओघळण्याचे बहुतेक प्रसंग या एका झोळापाशी येऊन थांबतात.

नळ्या जोडल्यानंतरची पायरी सर्वांत जास्त टाळली जाते. नळ्यांतील हवा आणि ओलावा निर्वात पंपाने काढून टाकणे आवश्यक असते. वातावरणाचा दाब ७,६०,००० मायक्रॉन असतो, तो ५०० मायक्रॉनपर्यंत खाली आणून, पंप बंद करून, काटा स्थिर राहतो की चढतो हे पाहावे लागते. काटा चढला तर आत ओल आहे किंवा गळती आहे. आजच्या प्रशीतकांसोबत वापरले जाणारे कृत्रिम तेल ओलावा झपाट्याने शोषते, त्यातून आम्ल बनते आणि ते संपीडकाच्या तारांवरील लेप खाऊ लागते. दोन-तीन उन्हाळ्यांनंतर ‘कॉम्प्रेसर जळाला’ असे निदान होते, तेव्हा मूळ दोष जोडणीच्या दिवशीच आत शिरलेला असतो. पंप न लावता थोडा गॅस सोडून हवा ढकलून देण्याची पळवाट या धंद्यात फार रूढ आहे. जोडणी चालू असताना ग्राहकाने एकच प्रश्न विचारावा: व्हॅक्यूम पंप आणला आहे का? तो अर्धा तास चालू राहिला तर उशीर झाला म्हणून कुरकुर करू नये.

बाहेरच्या भागाची जागा निवडताना त्याने टाकलेली गरम हवा पुन्हा त्याच्याच तोंडी येणार नाही, हे पाहावे. मागे वीतभर आणि पुढे निदान दोन फूट मोकळी जागा असावी. उंच इमारतींत अरुंद डक्टमध्ये एकावर एक बाह्यभाग टांगलेले असतात. खालच्यांची उष्ण हवा वर चढते आणि वरच्या मजल्यावरील यंत्रे ४५-५० अंशांच्या हवेत चालतात. तिथल्या रहिवाशांची ‘एसी दुपारी थंड करीत नाही’ ही तक्रार वास्तुरचनेची असते, आणि गॅस भरून ती कधीही सुटत नाही. शोभेसाठी बाह्यभागाभोवती बसवलेली दाट जाळीही हेच करते. कोकणात आणि गोव्यात खारा वारा ॲल्युमिनियमचे पापुद्रे खाऊन टाकतो. संरक्षक लेप असलेली कॉइल घ्यावी आणि महिन्या-दोन महिन्यांनी बाह्यभाग साध्या पाण्याने धुवावा. उघड्या नाल्यालगतच्या घरांत गंधकयुक्त वायूंमुळे तांब्याला बारीक छिद्रे पडतात. अशा ठिकाणी शक्य तेवढ्या उंचावर आणि नाल्याच्या विरुद्ध बाजूस यंत्र बसवणे श्रेयस्कर.

गॅसविषयीचा गैरसमज या विषयातील सर्वांत खर्चिक गैरसमज आहे. दरवर्षी गॅस भरावा लागतो, अशी अनेकांची समजूत असते. प्रशीतक हे इंधन नाही. ते जळत नाही, झिजत नाही, संपत नाही. बंद चक्रात ते वर्षानुवर्षे तेवढेच राहते. ते कमी झाले असेल तर गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस त्याच छिद्रातून जाणार आहे. योग्य क्रम असा: चक्रात कोरडा नायट्रोजन दाबाने भरून सांध्यांना साबणाचा फेस लावावा, गळती सापडल्यावर सांधा नव्याने करावा किंवा ब्रेझिंग करावे, दाब टिकतो हे पाहावे, निर्वातीकरण करावे आणि यंत्राच्या पट्टीवर लिहिलेल्या ग्रॅमांइतके प्रशीतक काट्यावर तोलून भरावे. नुसता दाबमापकाचा काटा पाहून अंदाजाने भरलेला गॅस दिवसाच्या तापमानाप्रमाणे कमी किंवा जास्त ठरतो. दाबपरीक्षेसाठी नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन वापरणे हा तर जिवावरचा खेळ आहे. दाबाखालील ऑक्सिजन आणि संपीडकातील तेल एकत्र आले की स्फोट होतो. कोणीही कोणत्याही सबबीवर तसे करू लागल्यास काम तिथेच थांबवावे.

प्रशीतकांचा इतिहास एका चुकीतून दुसऱ्या चुकीकडे आणि मग दुरुस्तीकडे गेलेला आहे. आरंभीचे अमोनिया आणि सल्फर डायऑक्साइड विषारी होते. १९३०च्या सुमारास थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरोफ्लोरोकार्बन वर्गातील अज्वलनशील, जवळजवळ निर्विष प्रशीतके पुढे आणली. या संयुगांतील क्लोरीन ओझोनचा थर नष्ट करतो, हे मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी १९७४ मध्ये दाखवले आणि १९८७ मध्ये माँट्रिऑल करार झाला. घरगुती यंत्रांतील आर-२२ हे याच कुळातले, ओझोनला तुलनेने कमी बाधक. त्याच्या जागी आलेले आर-४१०ए ओझोनला निरुपद्रवी, पण कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,००० पट तापमानवाढ घडवणारे. आज सर्वत्र दिसणारे आर-३२ त्या मानाने एक तृतीयांश तीव्रतेचे आहे. प्रोपेन, म्हणजे आर-२९०, जवळजवळ नगण्य परिणामाचे असून गोदरेजने २०१२ पासून त्यावर चालणारी यंत्रे भारतात विकली. २०१६च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली असून त्यानुसार हायड्रोफ्लोरोकार्बनांचा वापर २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी घटवायचा आहे. घरापुरता अर्थ एवढाच, की आर-३२ मंद ज्वलनशील आणि प्रोपेन तीव्र ज्वलनशील आहे. काम चालू असताना देवघरातील निरांजन, उदबत्ती आणि गॅसची शेगडी विझवावी व खिडक्या उघडाव्यात. आर-२२च्या जुन्या यंत्रात आर-३२ भरता येत नाही, कारण दाब आणि तेल दोन्ही भिन्न असतात. ‘चालून जाईल’ असे कोणी म्हणाले तरी चालू देऊ नये.

निगा राखण्याचे काम बहुतांशी घरच्याच माणसांचे आहे. आतली जाळी मोसमात दर पंधरा दिवसांनी काढून साध्या पाण्याने धुवावी, सावलीत वाळवावी. मळलेल्या जाळीने हवा अडते, कॉइलला पुरेशी उष्णता मिळत नाही, तिचे तापमान शून्याखाली जाते आणि तिच्यावर बर्फ साचतो. गॅस कमी झाल्यावरही असाच बर्फ दिसतो. म्हणून बर्फ दिसला की प्रथम यंत्र बंद करून नुसता पंखा चालवावा, बर्फ वितळू द्यावा, जाळी धुवावी आणि तरीही पुन्हा बर्फ धरला तरच गळतीचा संशय घ्यावा. साधी परीक्षा घरच्या तापमापकानेही होते. यंत्र पंधरा-वीस मिनिटे चालल्यानंतर आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेत ८ ते १२ अंशांचा फरक असावा. हवा फार दमट असेल तर तो थोडा कमी भरतो, पण यंत्राची प्रकृती ठीक असते. बाहेरचा संपीडक गुणगुणतो पण सुरू होत नाही, असे असेल तर पुष्कळदा काही शे रुपयांचा विद्युतधारित्र, म्हणजे कपॅसिटर, निकामी झालेला असतो. तो तपासल्याशिवाय संपीडक बदलण्यास होकार देऊ नये. बंद केल्यानंतरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार राहतो, म्हणून घरच्या घरी तिथे हात घालू नये.

विजेच्या बाबतीत नियम थोडे आणि कडक आहेत. यंत्रासाठी विद्युतफलकापासून स्वतंत्र तार आणावी, दीड टनासाठी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि २० अँपिअरचा एमसीबी, म्हणजे अतिप्रवाह तोडणारा खटका, हा सर्वमान्य व्यवहार आहे. एक्स्टेन्शन बोर्डवर एसी चालवू नये. प्लग हाताला गरम लागला तर सांधा सैल आहे असे समजावे आणि त्याच दिवशी तो दुरुस्त करावा. वीज गेल्यानंतर स्थिरगती यंत्र लगेच सुरू करू नये. दोन्ही बाजूंचे दाब समान होण्यास तीन मिनिटे लागतात, तोवर संपीडक अडून बसतो आणि भारी प्रवाह ओढतो.

तापमान १६ अंशांवर ठेवल्याने खोली लवकर थंड होते ही समजूत स्थिरगती यंत्राच्या बाबतीत साफ चुकीची आहे. उष्णता वाहण्याचा वेग तोच राहतो, फक्त यंत्र थांबत नाही. २०२० पासून भारतात विकल्या जाणाऱ्या यंत्रांचे मूळ तापमान २४ अंशांवर नेमलेले असते. २६ अंश आणि छताचा पंखा मंद गतीवर, हा मेळ बहुतेकांना सुखाचा वाटतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या अंदाजाने प्रत्येक अंशामागे सुमारे ६ टक्के वीज वाचते. पावसाळ्यात ‘ड्राय’ ही रीत वापरावी. तीत पंखा मंद राहतो आणि थंडीपेक्षा ओलावा काढण्यावर भर असतो. भिंतीवरचे स्प्लिट यंत्र बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, खोलीतीलच हवा फिरवते. बंद खोलीत तीन-चार माणसे रात्रभर झोपल्यास सकाळी डोके जड होते ते यामुळे. निजण्यापूर्वी आणि उठल्यावर खिडक्या उघडाव्यात, दाराखाली थोडी फट राहू द्यावी.

हे काम करणाऱ्या माणसाविषयीही लिहिणे कर्तव्य आहे. आयटीआयमध्ये प्रशीतन व वातानुकूलन यांत्रिकीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, तरी या क्षेत्रात येणारी कित्येक मुले उस्तादाच्या हाताखालीच शिकतात. दहाव्या मजल्याच्या अरुंद सज्जावर, एका हाताने खिडकीची चौकट धरून दुसऱ्या हाताने नट आवळणारा तरुण हे शहरांतले नित्याचे दृश्य आहे, आणि ते नित्याचे होता कामा नये. बाह्यभाग बसवतानाच तो ज्या जागी दुरुस्तीसाठी माणूस उभा राहू शकेल अशा जागी बसवावा. सुरक्षापट्टा बांधल्याशिवाय काम सुरू करू देऊ नये. पट्टा नसेल तर काम दुसऱ्या दिवशी ठेवावे. सोसायट्यांनी सज्जाला कठडा आणि पट्टा अडकवण्यासाठी पक्का आकडा बसवून घेणे अगत्याचे आहे. त्याचा खर्च साऱ्या इमारतीत विभागला तर प्रत्येक घराच्या वाट्याला फार येत नाही.

घर बदलताना यंत्र उतरवायचे असल्यास आधी ‘पंप डाऊन’ करून घ्यावे. यंत्र थंडाव्याच्या रीतीवर चालू ठेवून द्रवाची झडप बंद करायची, प्रशीतक बाहेरच्या भागात गोळा होऊ द्यायचे, दाब शून्याच्या जवळ येताच दुसरी झडप बंद करून तत्क्षणी वीज तोडायची, असा त्याचा क्रम आहे. चक्रात गळती असल्यास हे मुळीच करू नये, कारण आत खेचलेली हवा आणि तेल दाबाखाली पेट घेऊन संपीडक फुटल्याच्या घटना घडल्या आहेत. अशा वेळी प्रशीतक स्वतंत्र नळकांड्यात काढून घ्यावे लागते. नळ्यांची उघडी तोंडे लगेच टोपणांनी बंद करावीत, फ्लेअर नव्या जागी नव्याने कापून करावेत, आणि नळी पूर्वीपेक्षा लांब असेल तर वाढीव लांबीमागे किती ग्रॅम प्रशीतक घालायचे, ते यंत्राच्या पत्रकात पाहून भरावे.